भागाक्काच्या खबरा

"बायांनो, चहा घेतला का? न्हाई घेतला तर आदी घ्या, मग ऐका. खबरा कुठं पळून जात न्हाईत."

सकाळी दहाच्या सुमारास फोनवर हा आवाज यायचा. जरा घोगरा, संथ, आणि वाक्याचा शेवटचा शब्द किंचित ओढणारा. नांदेडला तरोड्याकडच्या एखाद्या खोलीत केस वाळवत बसलेली बाई तो ऐकायची, उदगीरची भाकऱ्या थापता थापता ऐकायची, धर्माबादची कानात वायर घालून बाजारात भाजी निवडताना ऐकायची. या सगळ्या धंदा करणाऱ्या बाया. कोणाच्या घरात, कोणा मालकिणीच्या हाताखाली नाही. आपापल्या खोलीत, आपापल्या फोनवर. आणि आवाज भागाक्काचा. भागाक्का स्वतः त्यांच्यातलीच, लातूरला एका किराणा दुकानाच्या माडीवर भाड्याने राहणारी.

मी तेव्हा नांदेडला बायकांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एका लहान संस्थेत समुपदेशक होते आणि आठवड्यातून एकदा लातूरला जायचे. तिथेच अक्का पहिल्यांदा भेटली. कडक इस्त्रीची सुती साडी, उजव्या मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ आणि भर थंडीत हातात छत्री. माझ्यासमोर फोन ठेवून तिने विचारलं की एकच निरोप पुष्कळ जणींना पाठवायचा, पण कुणाचा नंबर कुणाला दिसता कामा नये, असं काही करता येतं का. मी म्हटलं, येतं. पाच मिनिटांत तिने ते शिकून घेतलं आणि मग समोरच्या खुर्चीत बसून, मला न विचारता, पहिला निरोप बोलून टाकला. त्यात माझीही खबर होती. "नांदेडहून नव्या म्याडम आल्यात. वयानं ल्हान हायेत, पन ऐकून घेतात. जाऊन बसायला हरकत न्हाई."

माझ्याबद्दल असं प्रशस्तिपत्र आजवर दुसऱ्या कोणी दिलेलं नाही.

अक्काला या खबरांची गरज का वाटली, ते तिने मला त्याच दिवशी सांगितलं. पूर्वी ती एका गल्लीत होती. तिथे मालकिणीचा जाच होता, कमाईतला वाटा जायचा, पण भिंतीपलीकडे दुसरी बाई होती. धाड पडणार असेल तर आधी कानावर यायचं. कुठलं गिऱ्हाईक हात उगारतं ते ठाऊक असायचं. आता फोन आला, एकेक बाई गल्लीतून उठली, खोली स्वतःची झाली, हो म्हणायचं का नाही म्हणायचं तेही स्वतःचं झालं. पण भिंतीपलीकडे कोणी राहिलं नाही. "सवतंत्र झालो, ब्येस झालं," अक्का म्हणाली. "पन सवतंत्र बाईला खबर कोन देनार?"

तर ती देऊ लागली. गिऱ्हाइकांशी गाठ घालून देणाऱ्या ज्या साइट आणि ॲप होत्या त्यांना ती सरसकट 'दुकान' म्हणायची. त्या दुकानांत सारखे बदल व्हायचे आणि बहुतेक जणींना ते कळायचे नाहीत. अक्का सकाळी उठून सगळी दुकानं उघडून बघायची. "निळ्या दुकानानं काल नवं रूप घेतलंय. त्यात आपला नंबर आपोआप उघडा पडून राहिला. वर तीन रेघा हायेत, तिथं बोट ठेवा, खाली खाली जावा, कुलपाचं चित्र दिसंल. ते दाबा. दाबलं का? बरं, आता पुढची खबर." मग पांढऱ्या गाडीतून येणारा, बोटात हिरव्या खड्याची अंगठी असलेला माणूस, त्याच्यासोबत शहराबाहेर जायचं नाही. मग रेशन कार्डासाठी अंगठा द्यायला कुठल्या रेशन दुकानात रांग कमी आहे. मग दवाखान्यात कोणती गोळी आली, कोणती संपली. मग हवामान, आणि ते नेहमी चूक. अक्काने पाऊस सांगितला की बाया निर्धास्त कपडे वाळत घालायच्या.

तिचे काही नियम होते. कुणाचं नाव घ्यायचं नाही, गावावरून ओळखायचं: धर्माबादची, उदगीरची, तरोड्याची. बायांचे उलट निरोप यायचे, त्यातले काही ती त्यांना विचारून पुढे ऐकवायची, म्हणून आवाज सगळ्यांच्या ओळखीचे झाले होते. चेहरे मात्र एका गावच्यांनी दुसऱ्या गावच्यांचे पाहिले नव्हते. दुसरा नियम असा की वाईट खबर एकटी सोडायची नाही. भीती सांगितली तर तिच्यासोबत काय करायचं तेही सांगायचं. करण्यासारखं काहीच नसेल तर ते सापडेपर्यंत खबर थांबवायची. आणि शेवटी एक गोड खबर पाहिजेच. कुणी फ्रिज घेतला, कुणाच्या पोरीला शिवणाचं यंत्र मिळालं, कुणाचा दुखरा दात एकदाचा निघाला.

एखादी बाई फोनवर रडू लागली तर अक्का तिला गप्प करायची नाही. "रड की," म्हणायची, "पन रडता रडता सांगत ऱ्हा. पुढं काय झालं?" तिच्या त्या 'पुढं काय झालं'मध्ये एवढी खरी उत्सुकता असायची की रडणारी बाई सांगण्याच्या नादात रडायचंच विसरायची.

ती चुकायचीही. एकदा आमच्या तपासणी शिबिराचा वार तिने चुकीचा सांगितला. लातूरमधल्या बाया रिक्षा करून ठरलेल्या हॉलवर आल्या तर शिबिर नाहीच आणि आत कुणाच्या तरी बारशाची तयारी. मला कोणीतरी फोन केला, मी अक्काला केला. मला वाटलं ती कारणं सांगेल. ती रिक्षा करून तिथे पोचली, बारशाच्याच आचाऱ्याकडून चहा करवून घेतला, प्रत्येकीच्या हातात स्वतः कप दिला आणि प्रत्येकीला वेगवेगळी म्हणाली, "म्या चुकले." दुसऱ्या दिवशीच्या खबरांत सगळ्यात आधी तेच. पण गोड खबरही तिथूनच निघाली. बारशाच्या घरच्या आजीने या बायांना पाहुण्या समजून घुगऱ्या वाटल्या होत्या आणि पाळण्याची दोरी ओढायला लावली होती. पोराचं नाव काय ठेवलं ते अक्का चौकशी करून आली होती. तेही सांगितलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

बायांच्या फोनवर एक निरोप फिरू लागला. लिहिलं होतं की दुकानाचे नियम बदललेत, खातं चालू ठेवायचं असेल तर चेहऱ्याचा स्पष्ट फोटो आणि आधार कार्ड या नंबरवर पाठवा. दुकानं खरोखरच सारखी बदलत असल्यामुळे हे खोटं वाटलं नाही. धर्माबादच्या रूपाने फोटो पाठवला. आता तिचं नाव सांगायला हरकत नाही, ती स्वतःच सगळीकडे सांगते. रूपा तेव्हा पंचविशीची होती, घरी ती कापडाच्या दुकानात कामाला आहे असं ठाऊक होतं. फोटो पाठवल्यावर तासाभराने त्या माणसाचा फोन आला. मी सांगतो ते करत जा, नाहीतर हा फोटो आणि तू कुठल्या साइटवर आहेस ते तुझ्या भावाला कळवतो. भावाचा नंबरही त्याने वाचून दाखवला.

रूपाने रडत रडत अक्काला फोन केला. मी योगायोगाने अक्काच्या खोलीतच होते. अक्काने फोन कानाला लावला. 'पुढं काय झालं' या आपल्या एकाच प्रश्नाने हळूहळू सगळं काढून घेतलं आणि रूपाला सांगितलं, दार लावून बस, जेव, आणि मी फोन करीपर्यंत त्याचा फोन उचलू नको.

मी आमच्या वकीलबाईंशी बोलून तक्रारीची तयारी सुरू केली. अक्का म्हणाली, ते तर करूच, पण बाया घाबरून फोटो पाठवतील त्या आजच पाठवतील. मग तिने आपला दुसरा जुना फोन काढला, त्यावर आवाज रेकॉर्ड करायला लावला आणि पहिल्या फोनवरून त्या माणसाला फोन लावला.

पुढचा पाऊण तास मी तोंडात पदर कोंबून बसले होते. अक्काने एका भाबड्या म्हातारीचा आवाज काढला. साहेब, माजं खातं बंद करू नगासा, फोटो कसा काढू सांगा. तो सांगू लागला. तिने पहिला फोटो पाठवला तो छताच्या पंख्याचा. तो म्हणाला, कॅमेरा उलटा करा. तिने फोन उलटा करून जमिनीचा पाठवला. मग दाराच्या कडीचा. मग स्वयंपाकघरातल्या पळीचा. तो दर वेळी नव्याने समजावत होता आणि दर वेळी त्याचा आवाज चढत होता. शेवटी तिने कोपऱ्यातल्या लाल भोपळ्याचा फोटो पाठवला आणि म्हणाली, "साहेब, ह्यो आलाय का बगा. ह्यात म्या बरी दिसतीय." त्याचं साहेबी बोलणं तिथे संपलं. तो जे काही बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण ते त्याच्या खऱ्या आवाजात आणि खऱ्या बोलीत होतं. अक्काला तेच हवं होतं.

दुसऱ्या दिवशीच्या खबरांत तिने ते जसंच्या तसं ऐकवलं. आधी त्याचं साहेबी बोलणं, मग भोपळा, मग शिव्या. शेवटी म्हणाली, "ह्यो आवाज वळखून ठेवा. दुकान कुनाचा चेहरा फोनवर मागत न्हाई. ज्यांनी पाठवलाय त्यांनी मला फोन करा. तुमी एकट्या न्हाईत आन तुमची चूक न्हाई."

त्या दिवशी तिचा फोन वाजायचा थांबला नाही. ज्या बाया लाजेने गप्प बसल्या होत्या, त्या आधी भोपळ्यावर हसल्या आणि मग म्हणाल्या, अक्का, मलाही त्याचा फोन आला होता. त्या सगळ्यांची मिळून तक्रार झाली. त्याचा आवाज, त्याचे निरोप, सगळं वकीलबाईंनी पोलिसांकडे दिलं. तो सापडला की नाही हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, पण ते नंबर बंद झाले आणि ते फोन पुन्हा आले नाहीत.

राहिला होता रूपाचा भाऊ. अक्का म्हणाली, त्याला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तू सांग. रूपा नाही म्हणाली. अक्काने जोर केला नाही. ती बस धरून धर्माबादला गेली, दोन दिवस रूपाकडे राहिली, तिच्यासोबत मिरच्या निवडल्या, गप्पा मारल्या, आणि भावाचा विषयच काढला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी रूपाने स्वतःच फोन लावला. अक्का शेजारी बसून होती. रूपाने एका दमात सगळं सांगितलं.  भाऊ म्हणाला, "त्या माणसाचा नंबर मला दे."

एवढंच. त्यानंतर तो कितीतरी महिने बोलला नाही. मग दिवाळीला फोन करून म्हणाला, येताना आईसाठी गुडघ्याचं तेल आण. ती त्या दिवसाची गोड खबर होती. "धर्माबादची दिवाळीला घरी निघाली," एवढंच अक्का म्हणाली. खबरा तिथेच संपल्या.

अक्काचं घराणं, तिचं लग्न, ती या धंद्यात कशी आली, हे मी कधी विचारलं नाही. उदगीरच्या पलीकडे कर्नाटकच्या शिवेवरचं एक गाव तिचं, एवढं ठाऊक होतं, कारण राग आला की ती कानडीत बोलायची. दुकानाने पुन्हा काही बदललं, रिक्षावाल्याने फिरवून आणलं, दूध नासलं, की लातूरच्या त्या माडीवर अस्सल कानडी शिव्या घुमायच्या. तिला खात्री होती की त्या कुणाला कळत नाहीत.

माडीचे मालक अप्पा. साठीचे, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं मोजकं. खाली त्यांचं किराणा दुकान. ते आणि अक्का एकमेकांशी 'शरणार्थ' या नमस्कारापलीकडे फारसं बोलत नसत. आपण शिवणकाम करतो असं अक्काने त्यांना सांगितलं होतं आणि त्यासाठी एक जुनं शिलाई मशीन खिडकीत ठेवलं होतं. त्याच्यावर ती फोन ठेवून खबरा बोलायची.

एका सोमवारी मी तिच्याकडे बसले असताना अप्पा जिना चढून वर आले. ते कधी वर येत नसत. अक्काने खुर्ची पुसून दिली. ते बसले, घाम टिपला आणि म्हणाले की गल्लीतली दोन-तीन माणसं दुकानावर आली होती, तुमच्याबद्दल बोलत होती.

अक्का उभीच होती. तिचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. तिने या आधी किती खोल्या सोडल्या असतील कोण जाणे, पण कुठल्या क्षणी काय बोलायचं हे तिला पाठ होतं. अगदी शांतपणे ती म्हणाली, "खोली कदी रिकामी करू तेवढं सांगा, अप्पा."

अप्पांनी खिडकीकडे पाहिलं. मग शिलाई मशीनकडे. मग म्हणाले, "त्या उदगीरच्या बाईची पोरगी नर्सिंगला लागली का? गेल्या बुधवारी यादी लागणार होती म्हणालात. नंतर काही सांगितलंच न्हाई तुम्ही."

अक्का खाटेवर बसली.

अप्पांची डाळी निवडायची जागा बरोबर त्या खिडकीखाली होती. रोज सकाळी दहाला ते पोतं सोडून तिथे बसायचे. पहिल्याच महिन्यात त्यांना सगळं कळलं होतं. "खोली काढून घ्यायचं मनात आलं होतं," ते म्हणाले, "खोटं कशाला बोलू. पण रोज वाटायचं, उद्याचं ऐकून मग सांगू." गल्लीतल्या माणसांना त्यांनी सांगितलं होतं की भाडेकरू माझी आहे, तुम्हाला तिचा नेमका काय त्रास आहे ते सांगा. त्रास कुणालाच सांगता आला नव्हता.

पोरगी नर्सिंगला लागली होती. अक्काने तसं सांगितलं. अप्पांनी मान हलवली, उठले, आणि जिन्यापाशी थांबून म्हणाले, "एक विनंती हाय. कानडीत बोलायचं असंल तेव्हा खिडकी लावत जा. माझं ठीक हाय, पण आमच्या घरात निलंग्याकडची सून केली होती माझ्या वडलांनी. तिला कानडी सगळं समजतं."

ती निलंग्याकडची सून म्हणजे अप्पांची बायको, जिला सगळे काकू म्हणत. अक्का त्यानंतर आठवडाभर काकूंच्या समोर पडली नाही.

लातूरला मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते, शेताच्या पूजेचा सण. त्या दिवशी शहर ओस पडतं. ज्याचं शेत आहे तो शेतावर जातो, ज्याचं नाही त्याला कुणीतरी बोलावतं. दुकानं बंद, रस्ते रिकामे. अक्काच्या खबरा त्या दिवशी नेहमी लहान असायच्या. गावात चिटपाखरू नाही, आपणही झोप काढा, असं सांगून ती संपवायची. त्या वर्षी येळवशीच्या आधी अप्पांनी जिन्याखालून हाक मारून विचारलं की तुम्ही येळवशीला कुठे जाता. अक्का म्हणाली, आम्हाला कोण बोलावतंय. अप्पा म्हणाले, मुरूडच्या अलीकडे आमचं शेत आहे, या. आणि तुमच्या ऐकणाऱ्यांपैकी कुणाला यायचं असेल त्यांनाही विचारा.

ही खबर अक्काने दोन दिवस सांगितली नाही. मला फोन करून म्हणाली की अप्पा बोलून गेले, पण काकूंचं काय. बाया हौसेने येतील आणि तिथे कुणी तोंड फिरवलं तर त्यांचा सण जायचा. शेवटी ती स्वतःच काकूंकडे गेली. काकू भाजी चिरत होत्या. मान वर न करता त्यांनी एवढंच विचारलं की किती जणी येतील, त्या अंदाजाने आंबील करायला पाहिजे.

आल्या बऱ्याच. नांदेडहून मी एक गाडी भरून आणली, उदगीरच्या बसने आल्या, रूपा धर्माबादहून आली. ज्वारी पोटरीत आली होती, हरभरा घाट्यांवर होता. मधे पूजेसाठी कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी केलेली. उतरल्यावर सगळ्या अवघडून उभ्या राहिल्या, कारण एका गावच्यांनी दुसऱ्या गावच्यांना पाहिलेलंच नव्हतं. मग एक जण चपला कुठे काढायच्या म्हणून विचारू लागली आणि दुसरी ओरडली, "अगं, तू तरोड्याची." त्यानंतर जो गलका झाला तो आवरेना. प्रत्येक जण बोलून आपली ओळख पटवत होती. आवाजावरून जाड असेल असं वाटलेली काडीसारखी निघाली, म्हातारी वाटलेली तरणी निघाली. अक्काला पाहून तर दोघी-तिघी हिरमुसल्या. त्यांनी तिला उंच समजलं होतं.

कोपीत पूजा झाली. अप्पांनी आंबील शिंपत, 'ओलगे ओलगे' म्हणत शेताला फेरी मारली. मग काकू कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आल्या, आणि सगळ्या बाया कुणी न सांगता दोन पावलं मागे सरल्या. सवयच ती. गलका थांबला. अक्का सगळ्यांच्या पुढे होती आणि मागे सरली नव्हती, पण पुढेही झाली नव्हती.

तेवढ्यात मागे कुणीतरी हळूच पाणी मागितलं. काकूंनी त्या आवाजाकडे मान वळवली.

"तू उदगीरची ना?" त्या म्हणाल्या. "नर्सिंगच्या पोरीची आई?"

ती हो म्हणाली. काकू बायांमधून वाट काढत तिच्यापर्यंत गेल्या आणि तिला कुंकू लावलं. मग तिच्या शेजारणीला. मग सगळ्यांना, एकीलाही न गाळता, आणि प्रत्येकीला लावताना विचारत गेल्या की तू कुठली. गाव सांगितलं की त्यांना पुढचं सगळं आठवायचं. तुझा दात काढला तीच ना. तुझा फ्रिज दुरुस्त झाला का. अप्पा एकटेच खिडकीखाली बसत नव्हते, हे त्या दिवशी अक्काला कळलं.

मग पंगत बसली. डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीची भाकरी, ज्वारीचे उंडे, खीर, आणि मडक्यातली गार आंबील. कितीतरी जणी घर सोडल्यापासून पहिल्यांदाच शेतात पाऊल टाकत होत्या. कुणी हरभरा उपटून खात होती, कुणी नुसतीच बांधावर जाऊन उभी होती. चिंचेला झोका बांधला होता. अक्काने साडी खोचली, छत्री माझ्या हातात दिली आणि झोक्यावर बसली. रूपाने तिला एवढ्या उंच झोके दिले की तिच्या तोंडून कानडी येऊ लागली, आणि खाली उभ्या काकू पदर तोंडाला लावून हसत राहिल्या.

पुढच्या वर्षी अक्काच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. ती किनवटला असते. अक्काने घर सोडल्यापासून दोघींचं बोलणं नव्हतं. बहिणीचा नवरा गेला होता, तीही पडून कमरेत अधू झाली होती. माझ्याकडे येऊन राहा, म्हणाली. अक्काने तिला सरळ विचारलं, "म्या कोन हाय म्हनून सांगशील शेजाऱ्यांना?"

बहीण म्हणाली, "धाकटी बहीन म्हनून सांगीन. हायेसच की."

अक्काने मला हे सांगितलं तेव्हा तिला हसू येत होतं आणि डोळे भरले होते. एवढी वर्षं दोघींनी काय धरून ठेवलं होतं ते आता दोघींनाही नीट आठवत नव्हतं, म्हणाली. धंदा तिने सोडला. वय झालं होतं आणि मनही भरलं होतं. खबरा रूपाकडे दिल्या. रूपाने पहिल्या दिवशी सगळं एका श्वासात बोलून टाकलं. अक्काने तिला फोन करून समजावलं की लई पळू नको, कुलपाचं चित्र शोधायला बायांना येळ लागतो. आता रूपा सावकाश बोलते आणि तिचं हवामान बरोबर असतं. बायांना ते जरा चुकल्यासारखं वाटतं.

किनवटला जायला अक्का लातूरहून नांदेडला आली आणि मी तिला स्टेशनवर सोडायला गेले. दोन पिशव्या, एक वळकटी. डब्यात खिडकीपाशी एक जाडजूड माणूस पाय पसरून बसला होता. अक्काने जागा मागितली. तो म्हणाला, मी आधी आलोय. त्यावर तिने त्याला विचारलं की तुम्ही रोज या गाडीने जाता का. तो हो म्हणाला. मग रोज बघितलेलं आज काय बघणार, मी पहिल्यांदा चालले आहे, असं म्हणून तिने वळकटी त्याच्या मांडीवर ठेवली. तो कुरकुरत सरकला. ती खिडकीशी बसली, फडकं सोडून धपाटे काढले आणि पहिला त्याला दिला.

गाडी हलली तेव्हा तिने त्याला काहीतरी सांगायला सुरुवात केली होती. हातवारे चालले होते, तो खाता खाता थांबून ऐकत होता, समोरच्या बाकावरची दोन माणसंही पुढे वाकली होती. मी खिडकीबरोबर चालत हात वर केला. अक्काने पाहिलं नाही, तिचा सगळा जीव त्या गोष्टीत होता. हात हलवला तो शेजारच्या त्या माणसाने, धपाटा धरलेला.